फुकटचं ॲड्रेनलिन

लातूरच्या ज्या वसतिगृहात माझी धाकटी बहीण नीटची तयारी करायची, तिथं ऐन थंडीत भल्या पहाटे गार पाण्याची अंघोळ सक्तीची होती. गच्चीवर सोलर होतं, पण मालकानं त्याचा कॉक बंद ठेवलेला. गरम पाण्यानं पोरी सुस्तावतात आणि गार पाण्यानं मार्क वाढतात, हे त्याचं शास्त्र. बहिणीला थायरॉईड कमी निघालेलं, रोज सकाळी गोळी चालू. तिला आधीच इतरांपेक्षा जास्त थंडी वाजायची. फोनवर बोलताना तिचे दात वाजलेले मला नांदेडात ऐकू यायचे.

मी संघटनेत काम करते. अन्याय दिसला की पत्रक काढायचं, एवढं मला पक्कं शिकवलंय. काढलं. मथळा: ‘वसतिगृह की छळछावणी?’ आतला मजकूर डॉक्टर मैत्रिणीकडून तपासून घेतलेला. अंगावर एकदम गार पाणी पडलं की शरीर त्याला संकट समजतं. ॲड्रेनलिन आणि त्याचं भावंड नॉरॲड्रेनलिन रक्तात उतरतं, छाती धडधडते, आतली ऊब वाचवायला कातडीकडच्या रक्तवाहिन्या आवळतात. शरीराची शेगडी पेटती ठेवायचं काम थायरॉईडच्या संप्रेरकाचं. तेच कमी असेल त्या पोरीनं काय करावं, असा आमचा जाहीर सवाल. मागणी एकच: कॉक उघडा.

रविवारी पालकसभेच्या आधी गेटवर पत्रकं वाटली. पालकांनी ती नीट वाचली आणि खूश झाले. देवणीहून आलेल्या एका बाईंनी विचारलं, पाण्यात बर्फ टाकला तर ॲड्रेनलिन जास्त येतं का. मफलरवाल्या एका गृहस्थांनी, क्लासवाल्यांनी हे कधी सांगितलंच नाही, म्हणून माझे आभार मानले. मालकानं माझंच पत्रक नोटीस बोर्डावर लावलं, ‘छळछावणी’वर तेवढी चिकटपट्टी मारून.

पण कडेलोट केला आमच्या वडिलांनी, अण्णांनी. अर्धापूरला केळीची बाग सांभाळणारा हा माणूस आदल्या संध्याकाळीच येऊन पालकांच्या खोलीत उतरला होता. पत्रक वाचून त्यांनी निष्कर्ष काढला: थायरॉईड म्हणजे शेगडी, थंडीत शेगडीला जोरात पेटावं लागतं, म्हणजे पोरीची ग्रंथी आळशी झालीय आणि गार पाणीच तिला कामाला लावणार. गोळ्या कशाला मग? बहिणीकडून गोळ्यांची पाकिटं मागून घेऊन त्यांनी खिशात घातली.

मी भांडले. गोळी बंद केली तर पोर अंथरुणाला खिळेल, परीक्षा राहील बाजूला, असं बजावलं. त्यावर अण्णा शांतपणे म्हणाले, “मी जलमभर मोटारीवर गार पाण्यानं आंघूळ केली. मला काय झालं?”

आता ह्याला काय म्हणावं. अण्णा खरंच बागेतल्या बोअरच्या मोटारीवर अंघोळ करतात. पण बोअरचं पाणी जमिनीच्या पोटातून येतं, थंडीच्या सकाळी त्यातून वाफा निघतात. केळीचे घड थंडीनं खोडातच अडकू नयेत म्हणून बागेला रात्री तेच कोमट पाणी सोडतात आणि बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करतात. पन्नाशी उलटलेल्या ह्या माणसाला गार पाणी कधी लागलंच नव्हतं.

मी सगळ्यांदेखत मालकाला म्हटलं, अण्णांची अंघोळ राहिलीय, गच्चीवरच्या टाकीचं पाणी त्यांनाही द्या, पालकांची खात्री पटेल. त्याला ती जाहिरात वाटली. बादली त्यानं स्वतः भरली.

अण्णा छाती काढून न्हाणीत गेले. बाहेर ‘हर हर’ एवढं ऐकू आलं. गंगेपर्यंत ते पोचलेच नाहीत. मग हातातला तांब्या पडल्याचा आवाज. बाहेर आले ते अंगावर काटा, डोळे वटारलेले आणि सदऱ्याचं प्रत्येक बटण एक काज चुकलेलं. मालकानं विचारलं, काका, कसं वाटून राहिलं. अण्णांना ओठ जुळवता येईनात. देवणीच्या बाई समाधानानं म्हणाल्या, “बघा, आलं की नई ॲड्रेनलिन.”

अण्णा बहिणीकडं वळले. “रोज हेच?”

“हाव. अण्णा, तुम्ही केळीला तरी शेकोटी करता.”

अण्णांनी खिशातली पाकिटं काढून तिच्या ओंजळीत ठेवली. मग मालकाच्या दंडाला धरून म्हणाले, “चला वर. कॉक दाखवा.”

कॉक गंजला होता, पान्हा सापडत नव्हता, प्लंबर गावाला गेला होता. अण्णांनी त्यावर ओला टॉवेल गुंडाळून तो हातानंच फिरवला. बहीण त्या दिवशी दुसऱ्यांदा अंघोळीला गेली आणि बराच वेळ बाहेर आलीच नाही.

मी गेटवर उरलेली पत्रकं गोळा करत होते, तर मघाचे मफलरवाले गृहस्थ तणतणत आले. “ताई, तुमच्या घरचं भागलं. आमच्या पोरीचं ॲड्रेनलिन बंद पाडलं न तुम्ही?”

टाकीत गार पाणी अजून शिल्लक होतं. एक बादली काढून देऊ का, असं मी त्यांना विचारलं. त्यांना बस पकडायची होती.