टिवल्याची खुर्ची

चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला दिसतो तो मालक. आरसा पुढे धरणारा, "शोभतोय हो तुम्हाला" म्हणणारा. काच घासून फ्रेममध्ये बसवणारा माणूस पडद्यामागच्या खोलीत असतो, आणि तिथे ओल्या काचेचा पांढरा चिखल उडत असल्यामुळे तिकडे कुणी डोकावत नाही. आपला माणूस हा मागचा. मालक पडद्यातून हात घालून काच देतो, हा घासतो आणि पडद्यातूनच परत देतो. "झाली?" "झाली." दिवसभरात दोघांचं संभाषण ते एवढंच. मालक वाईट नाही, पण आपलं सगळं बोलणं तो गिऱ्हाइकांवर खर्च करतो, त्यामुळे मागे द्यायला काही उरत नाही.

संध्याकाळी घरी यायचं. एक खोली, तिला लागून स्वयंपाकघर. खोलीत खिडकीखाली एक लांब टेबल, टेबलावर दोन कम्प्युटर, टेबलाशी दोन खुर्च्या. आणि घरात राहणारं माणूस एक.

दुसरी खुर्ची धाकट्या भावाची. आईवडील लवकर गेले तेव्हा धाकटा शाळेत होता. थोरल्यानं त्याला वाढवलं, म्हणजे डबा करून दिला आणि फी भरली. बोलून वाढवणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. ते काम धाकट्यानं उलट दिशेनं केलं. तोंडाचा पट्टा नुसता! जेवताना, झोपताना, दात घासताना सुद्धा फेस उडवत तो काहीतरी सांगत असायचा, आणि थोरला "बरं" म्हणायचा. त्या घरात दोघांचं मिळून एक पुरेसं बोलकं माणूस होतं.

कम्प्युटरवरचा तो खेळही धाकट्यानंच आणला. जगभरचे लोक एकाच वेळी त्यात उतरतात, राक्षस मारतात, किल्ले घेतात. एकट्यादुकट्याला तिथे कुत्रं विचारत नाही, टोळी लागते, तिला खेळणारे गिल्ड म्हणतात. दोघा भावांनी आपलं गिल्ड काढलं. नाव ठेवलं 'आडदांड मंडळ'. दोघांची मिळून छाती एका धड माणसाएवढी भरली नसती, पण नाव ठेवायला काय लागतं? धाकट्यानं खेळात स्वतःला म्हटलं टिवल्या. थोरल्यानं 'भिंग' असं नाव घेतलं होतं, पण धाकटा सगळ्यांसमोर "दादा, इकडे ये", "दादा, मागे बघ" असं लिहायचा, म्हणून तो सगळ्यांचाच दादा झाला. बोलून माणसं जमवली टिवल्यानं, आणि राहिली तीही टिवल्यामुळे. हॉस्पिटलच्या धुलाईघरात काम करणारी आक्का आली. जरा कुठे ठिणगी पडली की तडतडणारा म्हणून ज्याचं नावच फुटाणा पडलं, तो ट्रकड्रायव्हर आला. हळूहळू टेबल भरावं तशी टोळी भरली. किल्ला मिळाला.

मग धाकट्याचं लग्न झालं, गाडीनं चार तासांवर नोकरी लागली, मुलगी झाली. घर सोडताना तो म्हणून गेला होता, "माझं खेळातलं खातं तूच सांभाळ, दादा. मला कुठला वेळ आता?"

खेळाचा नियम असा की किल्ला राखायचा तर टोळीला दोन कप्तान हवेत आणि दोघंही खेळात दिसत राहायला हवेत. म्हणून थोरला रोज दुसरा कम्प्युटर सुरू करायचा आणि टिवल्याला किल्ल्याच्या दारात नुसता उभा करून ठेवायचा. खरं तर आक्काला कप्तान केलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. ते त्याला सुचलं नाही असं नाही. त्यानं केलं नाही.

एके संध्याकाळी आक्कानं लिहिलं, "काय रे टिवल्या, आजकाल गप्प? बायकोनं बोलती बंद केली का?"

थोरला आपल्या खुर्चीतून उठला आणि दुसऱ्या खुर्चीत बसला. त्या खुर्चीचं एक चाक मोडलेलं होतं, बसलं की ती एका अंगाला कलायची. कललेल्या अंगानं त्यानं टाइप केलं, "बोलती कसली बंद? आता कुठे तक्रारीला विषय मिळालाय."

सगळे हसले. पडद्यावर हसण्याची ओळच्या ओळ उमटली. त्या दिवशी त्याला रात्रीचं जेवण गोड लागलं.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं म्हणतात. पैशाचं ठाऊक नाही, पण भावाचं आणता येतं, आणि एकदा आणलं की उतरवता येत नाही. त्या खुर्चीत बसलं की याची बोटं पळायची. आयुष्यभर ऐकून ऐकून साठवलेलं सगळं बाहेर पडायचं. टिवल्या फुटाण्याला चिडवायचा, आक्काची कंबर दुखली की औषध विचारायचा, नव्या माणसाला सांभाळून घ्यायचा. मध्येच थोरला आपल्या खुर्चीत येऊन दादाच्या नावानं "बरं" लिहायचा आणि परत जायचा. लोक टिवल्याशी अरेतुरे करायचे, दादाला "अहो दादा" म्हणायचे आणि त्याच्याकडून कसलीच अपेक्षा ठेवायचे नाहीत.

पण टिवल्यानं रोज बोलायचं तर विषय लागणार. मग टिवल्या दर रविवारी दादाकडे जेवायला जायला लागला. "पोरीला घेऊन गेलो होतो, तिनं दादाचा चष्मा लपवला. चष्म्याच्या दुकानातला माणूस, आणि चाचपडत फिरतोय घरभर." सगळे हसले. "आज दादानं भाजीत मिठाऐवजी साखर घातली. तोंडावर सांगायची हिंमत होईना, म्हणून दोनदा वाढून घेतली." आक्कानं लिहिलं, "नशीब लागतं असा भाऊ मिळायला." पुतणीला थोरल्यानं दोनदा पाहिलं होतं, एकदा पाळण्यात आणि एकदा नात्यातल्या कुणाच्या तरी लग्नाच्या घाईत. रविवारी तो एकटाच जेवायचा आणि मीठ बरोबर पडायचं.

पाच वर्षं असं चाललं. मग धाकट्याचा फोन आला.

"दादा, माझा तो कम्प्युटर पडूनच असेल ना? पोरीच्या शाळेला हवाय. शनिवारी येऊन घेऊन जातो."

"बरं," थोरला म्हणाला.

त्यानं ठरवलं, टिवल्याकडून सगळ्यांचा निरोप घ्यायचा आणि कम्प्युटरवरून खेळ पुसून टाकायचा. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता शुक्रवार गेला. टिवल्या गेला की आपल्याकडे काय उरतं, हे त्याला नीट कळत होतं. "बरं" उरत होतं.

शनिवारी धाकटा ठरल्यापेक्षा लवकर टपकला. जाड झाला होता, कपाळ मोठं झालं होतं, बोलणं मात्र तेच. थोरला चहा टाकायला आत गेला. बाहेरून आवाज आला, "चालतोय का बघतो रे!" थोरल्याचं गॅसवरचं दूध उतू जायचं तेवढं राहिलं. आपण जावं, थांबवावं, असं त्याला वाटलं, पण काय म्हणून थांबवायचं? कम्प्युटर ज्याचा त्याचाच होता.

आधी धाकट्याचं हसणं ऐकू आलं. "अरे, अजून चालू आहे हे!" मग बटणांची टकटक. मग काहीच नाही.

थोरला दोन कप घेऊन बाहेर आला तेव्हा पडद्यावर सगळं लिहिलेलंच होतं. खेळ आपोआप उघडला होता. आक्कानं "आलास का टिवल्या, आज दुपारीच?" म्हटलं होतं. धाकट्यानं आपल्या मोकळ्या स्वभावानं उत्तर दिलं होतं, "आक्का, तूच का गं? मी तर कितीतरी वर्षांनी उगवतोय. अजून खेळताय हे? कामधंदे नाहीत का?"

आक्काला शंका आली असावी. तिनं विचारलं होतं, "गेल्या रविवारी दादाच्या भाजीत काय पडलं होतं, सांग."

"मला काय माहीत? मी दादाकडे पाच वर्षांत आलेलो नाही."

"पकडला," फुटाण्यानं लिहिलं होतं. "टिवल्याचं खातं चोरलंय कुणीतरी."

"अहो, मीच खरा आहे."

"चोराच्या उलट्या बोंबा."

चोरीचा संशय आला तर तिघांनी मत देऊन कप्तानालाही बाहेर काढावं, हा नियम टोळीत होता. तो टिवल्यानंच सुचवला होता. तिघांनी मत दिलं. टिवल्या बाहेर.

आता शेजारच्या कम्प्युटरवर दादाच्या नावानं निरोप येत होते. "अहो दादा, भावाला फोन करा, त्याचं खातं चोरीला गेलंय." "त्याला म्हणावं काळजी करू नको, त्याची जागा कुणाला देणार नाही."

धाकटा हसत नव्हता. तो जुनं लिहिलेलं वर वर सरकवत वाचत होता. चष्मा लपवल्याचं वाचलं. साखरेचं वाचलं. दादाच्या टेबलाचा पाय टिवल्यानं कसा ठोकून दिला, तेही वाचलं, आणि वाकून टेबलाचा पाय पाहिला. पाय हलत होता.

"दादा, हे कधी झालं?"

"झालं नाही."

"मग लिहिलंस का?"

थोरल्यानं कप खाली ठेवले. "टिवल्याला काहीतरी बोलायला लागायचं ना."

"मी इतका चांगला नाहीये रे."

"माहितीये मला."

दोघांनी चहा घेतला. थोड्या वेळानं धाकटा म्हणाला, "राहू दे हा इथे. पोरीला दुसरा बघतो."

थोरल्याला "बरं" म्हणायचं होतं, जन्मभर म्हणत आला होता. पण हेच लोक भावाच्या नावावर जीव टाकतात आणि खरा भाऊ समोर आला की त्याला चोर ठरवतात, हे त्यानं आत्ताच पाहिलं होतं. टिवल्या म्हणून पुन्हा त्या खुर्चीत बसायची त्याला लाज वाटली. "ने," तो म्हणाला. "पोरीला हवाय." आणि स्वतः वायरी सोडवायला टेबलाखाली शिरला.

गाडीत सामान ठेवून धाकट्यानं दार लावलं आणि काच खाली केली. "रविवारी येतो, दादा. पोरीला घेऊन."

"ये," थोरला म्हणाला. पोरीला घेऊन रविवारी येण्याचं बोलणं त्यानं धाकट्याच्या तोंडी इतक्या वेळा घातलं होतं की खरंखुरं ऐकताना ओळखीचं वाटलं.

पुढच्या रविवारी त्यानं भाजी जास्त केली. आंघोळ करून टेबल पुसलं. दुसऱ्या कम्प्युटरच्या जागी धुळीचा चौकोन होता, तो मात्र तसाच ठेवला. चहाचे दोन कप काढून ठेवले. दुपारी मेसेज आला, पोरीला ताप आहे, पुढच्या रविवारी नक्की. खरंच ताप असेल. मुलांना येतो.

संध्याकाळ व्हायच्या आधी तो खेळात गेला. सगळे जमलेच होते.

"अहो दादा, आज रविवार," आक्कानं लिहिलं. "टिवल्या आला असेल ना तुमच्याकडे? तुमच्याच कम्प्युटरवरून दोन शब्द बोलायला सांगा. आठवडाभर करमत नाहीये आम्हाला."

सांगायला काय होतं? दादाच्या नावानं टिवल्यासारख्या दोन ओळी लिहायच्या, "आलो आहे, चोराला पकडतो आधी." बोटं तयार होती. त्यानं हात मांडीवर ठेवले, आणि मग एक एक अक्षर शोधत लिहिलं.

"तो आला नाही. तो कधीच येत नव्हता. पाच वर्षं टिवल्या मीच होतो."

दोन-तीन नावं न बोलता मावळली, त्यातल्या एकाला टिवल्यानं अगदी पहिल्या दिवसापासून शिकवलं होतं. थोरल्याला ते फार लागलं.

"म्हणजे आम्ही हाकललं ते खऱ्या भावाला?" फुटाण्यानं विचारलं.

"हो."

"बाप रे," फुटाणा म्हणाला, आणि पहिल्यांदाच पुढे तडतडला नाही.

मग आक्का. "टिवल्या तू होतास. मग दादा कोण होता?"

दुकानात त्याला कुणी इतका अवघड प्रश्न कधी विचारला नव्हता. "तोही मीच," त्यानं लिहिलं. "पण त्याला काही सुचत नाही."

आक्काही गेली असं त्याला वाटलं. मग ओळ आली, "किल्ल्याला दुसरा कप्तान लागेल. मी होते. पण मी मुक्या माणसाबरोबर काम करणार नाही, आधीच सांगते. बोल काहीतरी."

त्यानं "बरं" लिहिलं आणि खोडलं. कललेल्या खुर्चीकडे पाहिलं. तिच्यातून काही आलं नाही. समोर नावं होती, कमी झालेली, पण जात नव्हती.

"आज चहाचे दोन कप काढून ठेवले होते," त्यानं लिहिलं. एवढ्यावरच थांबला. यात हसण्यासारखं काही नव्हतं आणि पुढे काय म्हणायचं ते त्याला माहीत नव्हतं.

"मग?" आक्कानं विचारलं. "काय केलंस दुसऱ्याचं?"

"दोन्ही मीच प्यालो."