सावंतांचा लिंटल

सदूभाऊ गेल्याची बातमी मुग्धाने आणली. दप्तर पाठीवर तसंच, दारात उभी राहून माझी लेक ओक्साबोक्शी रडत होती. मी तिला जवळ घेतलं खरं, पण पहिला विचार काय आला सांगू? आपण गेलो तर पोरगी एवढी रडेल का... दीड महिना झाला, त्या विचाराची लाज अजून जात नाही.

सदूभाऊ आमच्या गोडदेवच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायचे. मूळचे रत्नागिरीकडचे, आयुष्यभर गवंडीकाम केलेले. गुडघे गेले, काम सुटलं आणि दर रविवारी सकाळी जिन्याखाली पोरांचा घोळका जमू लागला. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात प्लास्टिकच्या रंगीत विटा. त्यातून ते पाया, भिंत, कोपरा शिकवायचे. भिंत सरळ उभी आहे का बघायला दोऱ्याला नट बांधून ओळंबा धरायचे. "सांध्यावर सांधा आला की भिंत फाटली म्हणून समजा," हे त्यांचं वाक्य मुग्धाने जेवताना मला इतक्यांदा ऐकवलं की घास गोड लागेना. मी डिप्लोमा झालेला, बिल्डरकडे साइट सुपरवायझर. मी घरात असताना माझ्या पोरीने विटा रचायला खाली जावं, हे मला झोंबायचं. सरळ सांगतो, मी जळायचो.

चार वर्षांपूर्वी शाळेच्या प्रदर्शनासाठी तिला घर करायचं होतं. "आजोबांना विचारून येते," ती म्हणाली. "काही नको, मी करतो," म्हणत मी सदूभाऊंचा डबाच वर मागवला आणि तावातावाने भिंत उभी केली. मुग्धा बघत राहिली, मग हळूच म्हणाली, "बाबा, सांध्यावर सांधा आलाय." तिने बोट लावलं, भिंत उभी चिरली. मला काय झालं कोण जाणे, झटपट चिकटणारा गोंद आणून मी सगळं घर चिकटवून टाकलं. प्रदर्शन झालं, पण पोरांच्या विटा अडकल्या. ते घर मी मुग्धाच्या हाती खाली पाठवलं, स्वतः गेलो नाही. पुढे सदूभाऊ जिन्यात भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, "सायेब, गरम पाण्यात सुटतायत हळूहळू." त्या शांतपणाचा मला आणखीच राग आला.

तेरावं झाल्यावर त्यांच्या पत्नी डबा घेऊन वर आल्या. "पोरं विचारतात, रविवारी कोण बसणार? तुम्हीच बसा." बसलो. भिंत दाराच्या उंचीला आली आणि मी अडलो. वर टेकवायला एवढी लांब वीटच नव्हती. शेजारच्या शहांची पिंकी डब्यात हात घालून ओरडली, "अंकल, ये लो ना, आपका लिंटल!" टोकाला टोक चिकटलेल्या दोन लाल विटा. माझ्याच गोंदाच्या, न सुटलेल्या.

"माझा?"

"आजोबा याला सावंतांचा लिंटल म्हणायचे," मुग्धा म्हणाली. "दारावर आडवा लांब तुकडा लागतो ना, तो तू मुद्दाम करून दिलास म्हणाले."

चार वर्षं पोरं माझ्या नावाने दारं उभी करत होती आणि मी वर बसून जळत होतो. तुकडा ठेवला, बरोब्बर बसला. मुग्धा कौतुकाने बघत होती. तेही सदूभाऊंनीच मिळवून दिलेलं...

हेवा अजून वाटतो. रविवारी पोरं यायच्या आत डबा उघडतो, तो तुकडा हातात घेतो, सुटतोय का म्हणून जोर लावून बघतो. सुटत नाही.