मेन बंद असताना लागलेला शॉक

सीमाभागातल्या खासबागेतली ती घटना अजून मनातून गेलेली नाही. मी तिथल्या ठाण्यात फौजदार होतो. सकाळची हजेरी संपत असताना फोन आला. नाव न सांगता कुणीतरी म्हणालं, "साहेब, थोरल्या भावानं धाकट्याला करंट देऊन मारलंय. वाटणीवरनं बोलणं बंद हाय त्यांचं."

धाकटा मेला नव्हता. छताचा बंद पडलेला जुना दिवा काढून नवा बसवताना शॉक लागून तो स्टुलावरून पडला होता. डोक्याला मार होता, शुद्ध नव्हती. त्याच्या बायकोने फिर्याद दिली. ती मराठीत सांगत होती, आमचा लेखनिक ठाण्याच्या रिवाजाप्रमाणे कानडीत लिहीत होता आणि त्याने लिहिलेलं मी तिला मराठीत समजावून सांगत होतो.

घर एकच, मधे भिंत घालून दोन केलेलं. दोघांचे मीटर आणि मेन स्विच मात्र बाहेरच्या सामायिक सोप्यात, म्हणजे ओसरीत, शेजारी शेजारी.

"मी माझ्या हातानं मेन बंद केलं, साहेब," ती म्हणाली. "थोरले भावजी तिथंच पेपर वाचत बसलेते. मी आत गेले आणि हे किंचाळले. दुसरं कोण चालू करणार?"

थोरल्याला ठाण्यात आणलं. खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागलं असतं तर त्याची सरकारी नोकरी गेली असती. भाऊ दगावला असता तर जन्मच गेला असता. कितीही फिरवून विचारलं तरी उत्तर एकच, "मी हात लावला न्हाय." खोटं बोलणारा सहसा दुसऱ्या-तिसऱ्या वेळी उत्तरात भर घालतो. हा घालत नव्हता. पण तेवढ्यावर कुणाला सोडता येत नाही.

मी त्या बाईला पुन्हा बोलावलं. कुणी केलं ते बाजूला ठेवा, काय दिसलं तेवढं सांगा, असं म्हटलं.

"काय दिसणार? घामानं निथळत होते. मेन बंद केल्यावर फॅन थांबलेला न्हवं! मला म्हणाले, पदरानं वारा घाल की गं. मी म्हटलं, राजाला वारा घालायचा तर स्टुलाच्या सिंहासनावरनं खाली उतरा." तिला हसू आलं आणि लगेच रडू फुटलं.

"फॅनचं बटण?"

"चालूच होतं."

"आणि ते किंचाळले तेव्हा फॅन फिरला?"

"न्हाय. बंदच."

मेन कुणी चालू केलं असतं तर फॅन फिरला असता. मग वीज आली कुठून?

विद्युत निरीक्षकांना घेऊन मी त्या घरी गेलो. थोरला आणि ती बाई दोघंही हजर होते. छतातून दोन तारा लोंबत होत्या, दोन्ही लाल. रंगावरून काही कळण्यासारखं नव्हतं. धाकट्याचं मेन बंदच ठेवून निरीक्षकांनी टेस्टर लावला. एका तारेवर तो पेटला. मग त्यांनी थोरल्याचं मेन बंद करायला लावलं. टेस्टर विझला.

थोरल्याने त्या तारेकडे बोट केलं. "हे देवघर होतं, साहेब. वाटणीत आई म्हणाली, घर वाटा, देवाचा दिवा वाटू नका. म्हणून तो माझ्या मीटरवर ठेवला. पुढं देव माझ्याकडं नेले, खोली त्याची झाली. तार काढायचं कुणालाच सुचलं न्हाय. माझ्या तारेनं पडला की हो तो!"

निरीक्षकांच्या सांगण्यावरून वायरमनने ती जुनी लाइन थोरल्याच्या बोर्डातूनच तोडली आणि धाकट्याच्या बोर्डातून नवी ओढली. फेज बटणातून, न्यूट्रल थेट. दोन्ही तारा तपासूनच कनेक्टरमध्ये घट्ट बसवल्या.

तेव्हापासून माझ्या घरी दिवा बदलताना मी बटण बंद करतो, मेन बंद करतो, आणि तरीही दोन्ही तारांना टेस्टर लावतो. तो टेस्टरही आधी चालू प्लगमध्ये पेटतो का ते बघतो. तपासातही तेच शिकलो. कुणी केलं असं विचारलं की माणसं मनातलं सांगतात. काय दिसलं असं विचारलं की घडलेलं सांगतात.

दोन दिवसांनी धाकटा शुद्धीवर आला. त्याच संध्याकाळी त्याची बायको ठाण्यात आली. "साहेब, माझी फिर्याद परत द्या."

"फिर्याद परत मिळत नसते, बाई. पुरवणी जबाब द्या."

लेखनिकाने तो लिहिला, मी तिला मराठीत सांगितला. ती उठेना.

"एक राहिलं, साहेब. हे पडल्यावर पहिल्यांदा थोरले भावजीच धावत आलते. मीच त्यांना दारातनं ढकललं. तेबी लिवा."

लेखनिकाने माझ्याकडे पाहिलं. तपासाला त्या ओळीची गरज नव्हती. मी म्हटलं, "लिहा."