न पाहिलेल्या सिनेमाची दवंडी

"सोताच्या डोळ्यानं बगितलं का?" असं विचारून मामा हलगी काखेत दाबून धरत. समाधान होईपर्यंत तिच्यावर थाप पडत नसे.

काष्टीच्या बाजारात दवंडी द्यायचं काम त्यांचं; सगळा गाव त्यांना मामाच म्हणायचा. देवी टोचणारे येणार असोत की कुणाचं जनावर हरवलेलं असो, मामांना आधी खात्री हवी. म्हैस हरवली म्हणणाऱ्याला ते एकदा म्हणाले, "आदी दावन दाव. रिकामी हाय का बगू दे." तुम्ही हसाल, आम्हीही हसायचो. पण मामा ओरडले की बाजार ऐकायचा.

दुसऱ्या महायुद्धाच्या त्या वर्षांत गावाबाहेर तंबूतला सिनेमा येऊ लागला. मामांची अट एकच. "आदी मला दावा, मग वरडतो." तंबूचा मॅनेजर चरफडत त्यांना आदल्या दिवशी सिनेमा दाखवायचा.

एकदा सिनेमाच्या रिळांच्या पेट्या उशिरा आल्या, मामांना आधी दाखवायला वेळच उरला नाही. इकडे बाजार भरलेला. तंबूबाहेरच्या फळ्यावर आमच्याच भागातला एक पैलवान भलामोठा आणि कोपऱ्यात छोटासा राजा रंगवला होता, आणि जाहिरातीच्या कागदावर 'प्रमुख भूमिका' म्हणून त्याचंच नाव. मामांना वाचता येत नव्हतं. ते डोळे बारीक करून चित्र बघत राहिले.

"राजा येवढुसा, अन् ह्योच येवढा मोठा कसा?"

मी नुकताच बी.ए. झालो होतो. आमच्या घरातला पहिलाच. त्याचा मला अभिमान होता, तो मी कधी लपवला नाही. कागद मोठ्याने वाचून मी म्हणालो, "मामा, छापलंय हे. छापून कोण खोटं बोलेल?"

"तुमच्या भरवशावर वरडतो मग, बीएसाहेब."

तंबू गच्च भरला. पडद्यावर पैलवानाने राजवाड्याचं दार उघडलं, "महाराज आले" म्हणाला आणि बाजूला झाला. पुढे एकदा त्याने ते दार लावलं. लोक कुस्तीची वाट बघत शेवटपर्यंत बसले. बाहेर पडताना एक म्हातारी मामांना म्हणाली, "तू वरडलास म्हून दोन कोस चालत आले रं मी." मामांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

पुढच्या बाजारी हलगी कडाडली. "ऐका हो ऐका! पैलवान निस्तं दार उघडतोय! म्या न बगता वरडलो, चूक माझी हाय!"

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं वाटलं असतं.

मॅनेजरने त्यांना तिथल्या तिथे काढलं आणि कर्णा घेतलेला दुसरा माणूस आणला. लोक कर्णा ऐकत आणि मामांकडे बघत. मामा तिकीट काढून सिनेमा बघून येत. त्यांनी मान हलवली की मगच लोक तंबूकडे वळत.

मामा वारले, त्यानंतर तंबू ओस पडला. मी तेव्हा शाळेत मास्तर होतो. मॅनेजर माझ्याकडे आला. "तुम्ही शिकलेले. तुमचं ऐकतील."

सिनेमा खरोखर चांगला होता. भर बाजारात उभं राहून मी तसं सांगितलं. लोकांनी अदबीने ऐकून घेतलं.

"आसंल मास्तर, चांगला आसंल," मिरच्यांच्या ढिगामागून एक बाई म्हणाली, आणि पुन्हा मिरच्या निवडू लागली.