पाच मिलिमीटरचा उतार

ता. १४ सप्टेंबर २०२४. एक हजार सातशे सत्तर रुपये, जीएसटीसह. व्हील अलाइनमेंटचे हे पैसे धाकू मांडवकरने त्या शनिवारी साकिब मुकादमला परत केले. मिरजोळ्याला एमआयडीसीत धाकूचं गॅरेज आहे. त्याचे हिशेब मी लिहितो, म्हणून मी तिथे होतो.

साकिब कतारहून सुट्टीवर आला होता. त्याची स्पोर्ट्‌स कार जमिनीपासून जेमतेम चार बोटं वर. तीनदा अलाइनमेंट करूनही ती डावीकडे ओढत होती.

"धाकूभाऊ, तुमचा मशीन सगळा हिरवा दाखवताय नि गाडी मला गटारात नेताय. खोटा कोण बोलताय?"

"गाडी नाय बोलत," धाकू म्हणाला.

त्याने टायरची हवा तपासली, पुढची चाकं आपसात बदलली. ओढ तशीच. मग शेजारच्या बांधकामावरून तो पातळी बघायची गवंड्याची पाणी भरलेली नळी घेऊन आला. एक टोक उजव्या चाकाशी त्याने धरलं, दुसरं डाव्या चाकाशी मी. डावीकडची फरशी पाच मिलिमीटर खाली निघाली. पावसात खालचा भराव बसला होता. उंच गाड्यांना एवढा फरक जाणवत नाही. त्यांचे टायर फक्त एका कडेने झिजत जातात.

धाकूने चाकाखाली पत्रे घालून पातळी साधली आणि अलाइनमेंट पुन्हा केली. साकिब हातखंब्यापर्यंत जाऊन आला.

"सरळ गेली! आता गप बसा. बाकीच्यांना काय कळलाय?"

"त्यांचे टायर झिजतायत."

"धंदा बसेल, भाऊ. मांडवकराची जमीनच वाकडी, म्हणतील."

"वाकडीच हाय."

धाकूने माझ्याकडून जूनपासूनच्या अलाइनमेंटची यादी मागून घेतली. त्रेसष्ट गाड्या. प्रत्येकाला स्वतः फोन केला : आमची फरशी खचली होती, गाडी आणा, पैसे नाहीत. कोणी हसलं, कोणी शिव्या घातल्या. चूक सापडली की आपण ती पुढच्या कामापासून सुधारतो. नोकरीत मीही तेच केलं. झालेलं काम उकरायचं माझ्या कधी मनात आलं नाही. ऑक्टोबरात धाकूचं नवं गिऱ्हाईक निम्म्यावर आलं.

दिवाळीपर्यंत एकोणसाठ गाड्या येऊन गेल्या. राजापूरच्या समीक्षा तळेकर यांचे पुढचे दोन्ही टायर आतून तारेपर्यंत गेले होते. नवे सात हजार सहाशेला पडले. टायर आधीच जुने होते, तरी निम्मे धाकूने आपल्या अंगावर घेतले. तीन हजार दिले आहेत. आठशे रुपये अजून द्यायचे आहेत.