उजवा कोपरा

हॉटेलात शेजारच्या टेबलावर गावच्या कबड्डी संघाची बचावफळी मांडली होती. खेळाडू म्हणजे चहाचे ग्लास. एक कमी पडला, तेव्हा टोपीवाले काका माझ्याकडे वळले. "ताई, तुमचा द्या जरा. उजवा कोपरा रिकामा आहे."

मी अजून घोटही घेतला नव्हता. पण नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं, म्हणून दिला.

"हा बबन्या," काका म्हणाले.

"बबन्या? कोपऱ्यात?" समोरचे मिशीवाले उसळले. "त्याच्या हातून म्हैस सुटते, चढाईवाल्याचा पाय काय धरणार! मधे घ्या त्याला."

"मधे तुमचा भाचा आहे ना, शोभेला!"

माझा चहा डावीकडे गेला, मधे आला, पुन्हा उजवीकडे. वर्गात, लग्नात, मी कुठेही आधी कोपरा शोधते, कारण तिथे कुणी काही विचारत नाही. कोपऱ्यातल्या माणसावर एवढी भिस्त असते, हे मला ठाऊकच नव्हतं.

चहावर साय धरली. "ठरलं," काका म्हणाले, "आता रविवारच्या सामन्यापर्यंत ह्याला कुणी हलवायचं नाही."

मी खुणेनेच दुसरा चहा मागवला आणि आल्याबरोबर दोन्ही हातांनी घट्ट धरला. काका आता राखीव खेळाडू शोधत होते.