विश्रामभावजींची बाटली

ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या बाकड्यावर अनसूयाबाईचा डोळा धड लागत नाही, धड उघडाही राहत नाही. भर दुपार आहे. आत दत्ताराम, तिचा एकुलता एक, टेबलावर. गावच्या डोहातल्या गोगलगाईंतून निघालेला किडा लहानपणीच त्याच्या अंगात शिरला आणि त्याच्या अंड्यांनी मूत्रपिंडाकडून येणारी नळी दगडासारखी झाली. आता ती कापायची आणि त्याच्याच आतड्याचा तुकडा शिवून नवी करायची, असं डॉक्टरांनी सांगितलंय. "म्हणजे ठिगळच की," ती त्यांना म्हणाली होती. "बारीक टाके घाला. कापड चांगलं आहे."

पंखा गरगरतो. पायाखालची फरशी गार लागते, मग ओली लागते. बाकडं म्हणजे डोहाकाठचा कातळ आहे आणि त्यावर विश्रामभावजी बसलेत, पाण्यात पाय सोडून. तिचा थोरला दीर, गावचा प्रमुख. मरून कैक पावसाळे झाले, पण फेट्याचा तुरा अजून ताठ.

"अनशी, पोर वाचेल ना गं?"

पोराची काळजी कुठली. म्हाताऱ्याला पोटचं कुणी नाही. पितृपक्षात पाणी देतो तो हाच पुतण्या. तो गेला की वर घसा कोरडा.

अख्खा गाव या डोहात धुवायचा, पोरं यातच डुंबायची आणि लाल मुतायची. दत्ताराम लहान असताना लघवीच्या तपासणीला डॉक्टर आले, घरोघर बाटल्या देऊन गेले. भावजींनी सगळ्या बाटल्या ओटीवर मागवल्या आणि ताकावर ताक पीत एकट्याने भरल्या. ते विहिरीवर नाहणारे, त्यांचं स्वच्छ. गाव निरोगी ठरला, औषध पुढच्या गावाला गेलं. अनसूया तेव्हा पदराआडून काही बोलायला गेली, तर तिला चुलीकडे पिटाळलं.

"अब्रू राखली मी गावाची," भावजी म्हणतात. "रक्त मुतणाऱ्या गावात पोरी कोण देतं?"

"दिल्या की लोकांनी. त्याही याच डोहात उतरल्या."

पदर खांद्यावर घसरतो. ती सावरत नाही. तिच्या हातात बाटली आहे, आणि ते दोघं दवाखान्याच्या मोरीत उभे आहेत. नळातून शेवाळ ठिबकतंय.

"भरा भावजी. एकदा स्वतःच्या नावाची भरा."

ते भिंत धरतात. थेंब, मग थेंब. तांबडा. फेटा सुटून गळ्यात येतो.

"जळतंय गं."

"जळतं. माझं पोर शाळेची भिंत अशीच धरायचं."

"घोटभर पाणी दे, अनशी."

"डोह आहे की समोर."

ती बाटलीचं बूच मुठीत आवळते आणि बघत राहते. तिला घाई नाही.

"आजी, ओ आजी." नर्स खांदा हलवते आहे. झालं म्हणते, नीट झालं. नव्या नळीतून लघवी उतरतेय; अजून लालसर आहे, पण निवळेल.

अनसूयाबाई देवाला हात जोडायला जाते, तर उजवी मूठ उघडत नाही. बोटं एकेक सोडवावी लागतात. आत जुनं लाकडी बूच, ओलं, शेवाळाच्या वासाचं.

ती ते पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवते. दत्ताराम उठेल, हिंडेल, सर्वपित्रीला पानं मांडेल. विश्रामभावजींच्या पानावर भाताच्या जागी काय वाढायचं, ते ती त्याच्या हातात देईल.